बंद डबीतला उपग्रह

गेल्या फेब्रुवारीत आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या फाटकावर कापडी फलक लागला होता : 'एका दिवसात उपग्रह बनवा.' मला पाहुणा म्हणून बोलावले होते. म्हणजे खुर्ची पहिल्या रांगेत होती आणि शाल-नारळ ठरलेला होता. सकाळी दहा वाजता बाहेरगावच्या दोन तरुणांनी पेटीतून तळहातावर मावतील अशा काळ्या डब्या काढून मुलांपुढे मांडल्या. एका डबीत वीज, एकीत संगणक, एकीत बिनतारी यंत्र, एकीत तापमान मोजण्याचे साधन. प्रत्येक डबीच्या एका अंगाला खाचा, दुसऱ्या अंगाला दात. खाचेत दात बसवले की काम झाले. साडेबाराला टाळ्या झाल्या, दीडला प्रमाणपत्रे वाटली गेली आणि दोन वाजता वार्ताहराला सांगण्यात आले की, या शाळेच्या चाळीस विद्यार्थ्यांनी उपग्रह बनवला.

माझी तक्रार त्या टाळ्यांबद्दल नाही. फुकटच्या टाळ्या मीही घेतल्या आहेत. कादंबरीकाराला त्या वर्ज्य नसतात. माझी तक्रार सव्वाअकराला घडलेल्या एका गोष्टीबद्दल आहे. सातवीतली एक मुलगी, जिचे वडील येथल्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर आहेत, तिने पडद्यावर उमटलेला तापमानाचा आकडा वाचला : 36. मग ती उठून भिंतीवरच्या तापमापकाकडे गेली, तो पाहून परत आली आणि म्हणाली, "सर, भिंतीवर 30 आहे." ते दोघे एकमेकांकडे पाहू लागले. एकाने सांगितले की भिंतीवरचे यंत्र जुने असेल. मुलगी म्हणाली, "मग डबी उघडून बघू या ना, आत कुठं लावलंय ते." "डबी उघडायची नाही," तो म्हणाला, "उघडली की वॉरंटी गेली." मुलगी खाली बसली. कार्यक्रम पुढे चालू झाला.

उत्तर अगदी साधे होते, पण ते मलाही त्या वेळी सुचले नाही. रात्री घरी आल्यावर सुचले. संगणकाची डबी चालू झाली की तापते. तापमानाची डबी तिला दात रुतवून खेटून बसली होती. ती खोलीचे तापमान सांगत नव्हती, शेजारणीचा ताप सांगत होती. साधन लांब तारेवर टांगले असते तर आकडा 30 वर आला असता. पण त्या डबीला तार जोडण्याची जागाच नव्हती, कारण जोडणी एकाच प्रकारे व्हावी असे कोणीतरी दूर बसून ठरवून टाकले होते.

आता यातली खरी मौज पाहा. खरा उपग्रह बांधणाऱ्याला रात्ररात्र जागवणारा प्रश्न नेमका हाच आहे. वर हवा नाही. त्यामुळे उष्ण वस्तू वाऱ्याने निवत नाही. उष्णता बाहेर पडते ती एक तर चिकटलेल्या धातूतून वाहत जाऊन किंवा पृष्ठभागावरून किरणांच्या रूपाने. जवळच्या कक्षेतला उपग्रह दीड तासाच्या आसपास पृथ्वीची एक फेरी पुरी करतो. म्हणजे दिवसाकाठी पंधरा वेळा ऊन आणि पंधरा वेळा सावली. कोणता भाग कोणाला चिकटवावा, कोणाला दूर ठेवावे, कोणत्या बाजूला काळा रंग द्यावा, याच्या हिशेबावर त्याचा जीव अवलंबून. ज्या दिवसाला 'उपग्रह बनवण्याचा दिवस' म्हटले होते, त्या दिवशी उपग्रहविद्येचा खरा प्रश्न एकाच व्यक्तीने विचारला आणि तिला खाली बसवण्यात आले.

वाचकहो, हे लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. मॅट्रिकच्या पलीकडे मी पाऊल टाकलेले नाही, आणि माझ्या कादंबऱ्यांत रॉकेट कधी उडालेले नाही. परंतु मी भुसावळचा आहे. या गावात जन्म काढलेल्या माणसाला दुसरे काही कळो न कळो, सांधा म्हणजे काय हे कळते. आणि हा सगळा प्रश्न सांध्याचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. सुटे भाग जोडून झटपट उपग्रह उभारण्याच्या पद्धतीला, ज्याला तिकडे 'प्लग-अँड-प्ले' म्हणतात, माझा विरोध नाही. उलट या पद्धतीइतकी लोकशाही वृत्तीची दुसरी कल्पना यंत्रविद्येत थोडीच सापडेल. 1999 साली अमेरिकेतले दोन प्राध्यापक, कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जोर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज, यांनी एक माप ठरवले : दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच, वजन एक किलोच्या आसपास. हेतू असा की, विद्यार्थ्याने शिक्षण संपण्याच्या आत आपला उपग्रह बांधून उडवावा. त्यांनी आत काय भरावे हे ठरवले नाही. बाहेरचे माप ठरवले, कडेच्या चार पट्ट्या ठरवल्या आणि हे ठोकळे ज्यातून स्प्रिंगने बाहेर ढकलले जातील ती पेटी ठरवली. रॉकेटच्या मालकाला भीती असते ती ही की, या पोरांचे खेळणे मध्येच सुटून माझ्या कोट्यवधींच्या मुख्य उपग्रहावर आदळले तर? पेटीने ती भीती घालवली. रॉकेटला ओळख पेटीची. पेटीला ओळख ठोकळ्याच्या मापाची. आत कोणता प्रयोग बसला आहे ही ज्याची त्याची बाब. 2003 सालच्या जून महिन्यात रशियातून असे पहिले ठोकळे उडाले, त्यांत टोकियोच्या विद्यार्थ्यांचे होते. आणि 15 फेब्रुवारी 2017 रोजी आपल्या पीएसएलव्हीने एका उड्डाणात 104 उपग्रह सोडले, तेव्हा त्यांतले 103 छोटे होते; त्यांपैकी 88 एकाच अमेरिकन कंपनीचे, एकाच साच्यातले. ठरलेले माप नसते तर हा पराक्रम कागदावरसुद्धा मांडता आला नसता.

भुसावळच्या यार्डाच्या पुलावर उभे राहून कोणीही हे पाहू शकतो. एका वाघिणीत कोळसा, दुसरीत सिमेंट, तिसरी तेलाची टाकी. तिघींची पोटे वेगळी, पण कपलिंग जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर आणि चाकांतले अंतर 1676 मिलिमीटर. म्हणून इंजिन कोणते आणि मालक कोण हे न विचारता गाडी जुळते. आमच्याच जिल्ह्यात पाचोरा-जामनेर ही धाकट्या रुळांची गाडी होती. अडीच फुटांचे माप. 2020 साली ती थांबली. जुन्या माणसांना ती गाडी लाडकी होती, मलाही होती. पण जामनेरचा डबा पाचोऱ्याच्या पुढे एक पाऊल येऊ शकत नसे. माल असेल तर एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा. माप न जुळण्याची किंमत हमालाच्या पाठीने चुकवावी लागते, हे खानदेशाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. इंग्लंडात 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या कारागिराने स्क्रूच्या आट्यांचे एक माप सुचवले, त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट निराळा आणि चाकी निराळी असे. एक बोल्ट हरवला की सबंध यंत्र अडले.

उपग्रहात असे सांधे तीन प्रकारचे असतात. पहिला धातूचा : कोणते छिद्र कोठे, किती अंतरावर. दुसरा विजेचा : किती दाबाची वीज, कोणत्या टाचणीवर. छोट्या उपग्रहांत एकावर एक चळत रचण्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांना जोडणाऱ्या पट्टीत एकशेचार टाचण्या असतात. पुष्कळ ठिकाणी हेच चालते. तिसरा सांधा भाषेचा, आणि खरी अडचण येथे. दात खाचेत बसला, वीज पोहोचली, पण साधन काय बोलते आहे हे संगणकाला कळायला नको का? अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात सहा दिवसांत उपग्रह उभारण्याचे ध्येय समोर ठेवून काम केले, त्याचे मर्म या तिसऱ्या सांध्यात आहे. प्रत्येक भाग आपल्या पोटात आपलेच एक परिचयपत्र बाळगतो. जोडताक्षणी तो सांगतो : मी तापमापक, मी अमुक एककात बोलतो, अमुक वेळाने बोलतो, मला एवढी वीज लागते. वर्गात नवा मुलगा आला म्हणजे आपण त्याला नाव, गाव विचारतो आणि मग बाकावर जागा देतो, तसेच. यात गुप्त काही नाही. उलट परिचय उघड असणे हाच त्या पद्धतीचा प्राण आहे.

मग काळ्या डबीत काय झाले? जे उघडे असायचे ते बंद झाले, आणि जे ज्याचे त्याने भरायचे ते आयते भरून आले. या उलट्या कारभारावर माझा आक्षेप आहे. सांधा सर्वांचा असावा आणि पोट ज्याचे त्याचे, हा मूळ विचार. आमच्याकडे आले ते पोट सर्वांचे एक, आणि सांधा मात्र विक्रेत्याच्या मालकीचा. त्या कंपनीच्या डबीला दुसऱ्या कोणाची डबी बसत नाही. मी मुद्दाम विचारून घेतले. म्हणजे आम्ही प्लग-अँड-प्ले आणले नाही. पाचोरा-जामनेर आणली, आणि तीही तिकीट जास्त घेऊन!

डबीतला सांधा फुकट मिळत नाही, हेही तेथे कोणी सांगितले नाही. प्रत्येक जोडपट्टी म्हणजे थोडे वजन आणि थोडी जागा. प्रत्येक डबीची भिंत म्हणजे आणखी वजन. एका किलोच्या उपग्रहात ग्रॅमाचा हिशेब असतो. शिवाय उड्डाणात जे हादरे बसतात त्यांत सैल होणारी पहिली वस्तू जोडपट्टीच. म्हणून जुने उपग्रहकार डब्यांच्या विरुद्ध बोलत आणि त्यात तथ्य होते. तरीही सांध्याचा फायदा कधी कधी डोळे दिपवतो. सूर्याच्या अभ्यासासाठी नासाने 1980 च्या फेब्रुवारीत एक उपग्रह सोडला होता, सोलर मॅक्स. त्याची दिशा सांभाळणारी यंत्रणा वर्षाच्या आत बिघडली, फ्यूज उडाले. परंतु तो डब्यांच्या पद्धतीने बांधलेला होता, म्हणून 1984 च्या एप्रिलमध्ये चॅलेंजर यानातले अंतराळवीर तेथे गेले, ती सबंध डबी काढली, नवी बसवली आणि उपग्रह पुन्हा कामाला लागला. आमच्या शेडमध्ये इंजिनाची मोटर बदलतात त्यात आणि यात फरक एवढाच की येथे खाली जमीन असते. पण ते करू शकले, कारण डबी कशी उघडते आणि आत काय बिघडले असेल हे जाणणारी माणसे जमिनीवर बसलेली होती. ती माणसे वॉरंटीचा कागद वाचत बसली नव्हती.

आता महाराष्ट्राकडे येतो. 2016 साली आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे दोन उपग्रह उडाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' 22 जूनला पीएसएलव्ही-सी 34 वरून, आणि मुंबईच्या आयआयटीचा 'प्रथम' 26 सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी 35 वरून. स्वयम् किलोभराचा. त्यात दिशा सांभाळायला मोटर नाही, वीज नाही. होकायंत्राच्या सुईसारखा तो चुंबकाच्या बळावर पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला धरून राहतो, आणि त्याचे डोलणे थांबवायला विशिष्ट धातूच्या काड्या. एका ठिकाणचा संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे हे त्याचे काम. प्रथम सुमारे दहा किलोंचा. वातावरणाच्या वरच्या थरात इलेक्ट्रॉन किती आहेत हे मोजणे त्याचे काम. प्रथमची सुरुवात 2007 ची, स्वयम्‌ची 2008 ची. मोजा. एकाला नऊ वर्षे, दुसऱ्याला आठ. महाविद्यालयातला मुलगा चार-पाच वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो. म्हणजे ज्याने पहिली रेघ मारली तो उड्डाणाच्या दिवशी दुसरीकडे नोकरीत असणार, आणि ज्याने शेवटचा बोल्ट आवळला तो पहिली रेघ मारली तेव्हा शाळेत असणार.

'एका दिवसात उपग्रह'वाल्यांना ही नऊ वर्षे हास्यास्पद वाटतात. त्या तरुणांपैकी एक व्यासपीठावर तसे म्हणालाही. मला ती वर्षे हास्यास्पद वाटत नाहीत, पण पवित्रही वाटत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नऊ वर्षांतली जी वर्षे विचार करण्यात, चुकण्यात, पुन्हा मोजण्यात गेली ती शिक्षणाची. पण असल्या दीर्घ कामात जी वर्षे जोडणीचे तेच ते प्रश्न प्रत्येक नव्या तुकडीने नव्याने सोडवण्यात जातात ती पाचोऱ्याच्या फलाटावरची हमाली आहे. तेवढ्यापुरता सांधा हवा. प्रथमच्या मुलांनी एक गोष्ट केली तिचे महत्त्व मला उपग्रहाइतकेच वाटते : इतर अनेक महाविद्यालयांनी आपापल्याकडे त्याचे संकेत ऐकण्याची भूस्थानके उभारावीत म्हणून त्यांनी खटपट केली. अँटेना ज्याची त्याने बांधायची. लहर सर्वांना माहीत. सार्वजनिक सांधा म्हणतात तो असा असतो.

शासकीय पातळीवरही हे कळलेले नाही असे नाही. इस्रो आता पीएसएलव्हीचा शेवटचा टप्पा काम झाल्यावर वाया न घालवता फिरते व्यासपीठ म्हणून वापरते. 30 जून 2022 च्या उड्डाणात तो प्रथमच 'पोएम' या नावाने वापरला गेला. वीज त्याची, दिशा सांभाळणे त्याचे; प्रयोग करणाऱ्याने फक्त आपला प्रयोग आणून लावायचा. घर तयार आहे, बिऱ्हाड तुमचे आणा. अशा ठिकाणी झटपटपणाला अर्थ आहे, कारण लावायला तुमच्याजवळ काही आहे.

येथे माझ्या साहित्यिक मित्रांना थोडे सुनावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा लेख लिहितो आहे असे कळल्यावर एका कविमित्रांनी मला पत्र पाठवले. आशय असा : जोडकाम ही निर्मितीच नव्हे, जो स्वतःच्या हाताने सर्व घडवतो तोच निर्माता, बाकीचे फिटर. 'बाकीचे फिटर' हे शब्द त्यांनी अधोरेखित केले होते. भुसावळात राहून हे वाक्य लिहिण्याचे धाडस त्यांना झाले नसते. ते पुण्याचे आहेत. मी त्यांना इतकेच विचारतो : ओवी तुम्ही घडवली काय? ज्ञानेश्वरांनी ओवी वापरली, जात्यावर बसलेल्या बाईने वापरली, आणि आमच्या बहिणाबाई चौधरींनी, ज्यांना अक्षर लिहिता येत नव्हते, त्यांनीही वापरली. ओवीचा साचा कोणाच्या मालकीचा नव्हता. म्हणून असोद्याच्या लेकीला तो मिळाला. साचा उघडा होता आणि आतले सर्वस्वी त्यांचे होते. बहिणाबाईंना कोणी आयत्या भरलेल्या ओव्यांची पेटी आणून दिली असती, 'या क्रमाने म्हणा, मधला शब्द बदलू नका' असे बजावून, तर आज आपण त्यांचे नाव घेतले असते का? तेव्हा फिटरला हिणवू नका. आपल्या देशाचा आर्यभट 19 एप्रिल 1975 रोजी सोडला गेला. 360 किलोंचा तो उपग्रह बंगळूरजवळ पीण्याच्या कारखान्यांच्या शेडमध्ये बांधला गेला. बांधणारांनी त्याआधी उपग्रह बांधलेला नव्हता. चार-पाच दिवसांत त्यातल्या प्रयोगांची वीज बंद पडली, तरी त्या शेडमधून जी माणसे शिकून बाहेर पडली त्यांच्यावर पुढची इमारत उभी राहिली.

माझ्याविरुद्ध एक बाजू आहे आणि ती वजनदार आहे, ती लपवणे लबाडी होईल. 2022 साली 'आझादीसॅट' नावाचा आठ किलोंचा उपग्रह तयार झाला. देशभरातल्या 75 शासकीय शाळांतल्या 750 मुलींनी त्याचे 75 छोटे भाग जोडले, एकेक भाग पन्नास ग्रॅमच्या आसपासचा. कोणी म्हणेल, हेही आयतेच होते. मुलींनी सूचना वाचून जोडले. असेल. पण ज्या मुलीच्या हातात कधी विजेचा टेस्टरही दिला जात नाही, तिच्या हातात ती वस्तू आली, आणि ती खरोखर रॉकेटवर चढली. 7 ऑगस्ट 2022 रोजी ते उड्डाण फसले. रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याच्या विलगतेच्या वेळी हादरा मोजणाऱ्या साधनांनी क्षणभर भलतेच आकडे दिले. संगणकाने साधने बिघडली असे धरले आणि दुसऱ्या मार्गाने चालवायला घेतले. वेग थोडा कमी पडला आणि उपग्रह टिकणार नाही अशा कक्षेत गेला. इस्रोने हे सर्व शोधून काढले, जाहीर केले, दुरुस्त केले आणि 10 फेब्रुवारी 2023 रोजी 'आझादीसॅट-2' त्याच जातीच्या रॉकेटवरून नीट कक्षेत पोहोचला. त्या 750 मुलींना सर्वांत मोठा धडा कोणता मिळाला असेल तर तो पहिल्या अपयशाच्या कारणमीमांसेचा, असे मी मानतो. तेथे कोणी म्हटले नाही की डबी उघडायची नाही.

तेव्हा माझा रोख त्या दोन तरुणांवर नाही. पोटासाठी गावोगाव हिंडणारी ती मुले. त्यांनाही डबीत काय आहे हे सांगितलेले नव्हते, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. माझा रोख आम्हा मास्तरांवर आहे, मुख्याध्यापकांवर आहे, संस्थाचालकांवर आहे. आम्हाला डबी आवडते, कारण ती आमचे अज्ञान झाकते. निबंधाला आम्ही आयती निबंधमाला देतो, गणिताला अपेक्षित प्रश्नसंच देतो. आता उपग्रहालाही गाइड मिळाले, एवढाच याचा अर्थ. वर्षभर तापमापक कसा चालतो हे न शिकवलेल्या शाळेने एका दुपारी उपग्रह बनवला म्हणून जाहीर करावे, आणि पालकांनी त्यावर विश्वास ठेवावा! वस्तुतः त्या वस्तूला उपग्रह म्हणणेसुद्धा भाषेशी बेइमानी आहे. ग्रहाभोवती जो फिरतो तो उपग्रह. त्यासाठी सेकंदाला साडेसात किलोमीटरचा वेग लागतो. टेबलावर बसलेली डबी, किंवा फुग्याला बांधून तीस किलोमीटर वर नेऊन पुन्हा शेतात पडलेली डबी, हा चांगला प्रयोग असेल, उपग्रह नव्हे. मराठी शिकवणाऱ्या माणसाने एवढे तरी म्हटले पाहिजे.

झटपट, झटपट, असा जो घोष चालतो त्याबद्दल आणखी एक. उपग्रहाची जोडणी हा कामाचा मोठा भाग कधीच नव्हता. हादऱ्यांच्या टेबलावर तो ठेवायचा, निर्वात पेटीत घालून तापवायचा आणि गोठवायचा, बिनतारी लहरीची परवानगी मिळवायची, रॉकेटवर जागा मिळण्याची वाट पाहायची, यांत काळ जातो. विद्यापीठांनी पहिल्यांदा पाठवलेले कितीतरी छोटे उपग्रह वर गेल्यावर एक शब्दही बोलले नाहीत. जोडून पाहिले होते, पण सगळे एकत्र पुरेसे दिवस चालवून पाहिले नव्हते, हे त्याचे एक ओळखीचे कारण. झटपट जोडणीने वाचलेला वेळ तपासणीला दिला तर पद्धतीचे सार्थक. तो वेळ फोटो काढण्यात घालवला तर काय म्हणावे?

मी काय मागतो? शाळेला भरलेली डबी देऊ नका, रिकामी द्या. तिचे माप, छिद्रांच्या जागा, टाचण्यांचा क्रम, बोलण्याची भाषा, हे मराठीत छापून भिंतीवर लावा, म्हणजे जळगावच्या तंत्रनिकेतनातल्या मुलाने केलेली वीजफळी धुळ्याच्या मुलीच्या चौकटीत बसेल, आणि पुढच्या वर्षीची तुकडी मागच्या वर्षीच्या तुकडीच्या खांद्यावरून पुढे पाहील. विक्रेत्यांकडून जरूर घ्या, पण ज्याची आखणी उघडी आहे आणि ज्याला दुसऱ्याचा भाग बसतो तेच घ्या. आणि वॉरंटी जाते म्हणून मुलीला खाली बसवू नका. वॉरंटी कशासाठी असते हो? वस्तू टिकावी म्हणून. आणि शाळा वस्तू टिकवण्यासाठी काढलेली नसते.

कार्यक्रमानंतर आठवड्याभरात त्या मुलीचे वडील मला बाजारात भेटले. म्हणाले, "सर, पोरगी रोज तेच विचारू राहिली, सहा डिग्री कुठून आले. मी म्हटलं शेडमध्ये ये, गरम काय राहातं ते दाखवतो." मी त्यांना माझा अंदाज सांगितला. ते हसले, म्हणाले, ते त्यांना ऐकताक्षणीच कळले होते, पण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

जूनपासून माझ्या वर्गात शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही बसतो. जाड पुठ्ठ्याचे दहा-दहा सेंटिमीटरचे चौकोन, एक तापमान मोजणारे साधन, त्याला हातभर तार, आणि भंगारातल्या रेडिओचे काही तुकडे. शाळेच्या चार गटांनी चार भाग करायचे आणि ते एकमेकांना जोडायचे, एवढीच अट. फिटरबुवा सुट्टी असेल तेव्हा येतात. पहिल्या महिन्यात चारही गटांचे भाग उत्तम झाले आणि एकही दुसऱ्याला बसला नाही. कोणाचे छिद्र कडेपासून एक सेंटिमीटर, कोणाचे दीड. मग माप ठरवायला बैठक झाली. तीत रडारड झाली, एका मुलाने डबा घेऊन घरी जाण्याची धमकी दिली, आणि अखेर एक सेंटिमीटर ठरले. तार कोणत्या बाजूने बाहेर काढायची यावर मात्र दोन गटांचे अजून जुळलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा बसायचे आहे.